पॅनल भिंतीवर आलं, आता पुढे काय?

गेल्या अंकात आपण विषय दिला होता, कॉलेजच्या वर्गातली टेक्नॉलॉजी. मला वाटलं पाच-सहा पत्रं येतील, आली ढीगभर, त्यातली निम्मी तक्रारीची आणि बरीचशी रात्री साडेअकरानंतर मोबाइलवरून टाइप केलेली (वेळ दिसते हो मला). मी ३१ वर्षं डिग्री कॉलेजला फिजिक्स शिकवलं, २०२३ ला रिटायर झाले, खडूपासून गूगल मीटपर्यंत सगळं हाताखालून गेलंय, त्यामुळे उत्तरं माझ्या अनुभवाला धरून आहेत, आणि जिथे कुणी मोजूनमापून अभ्यास केलाय तिथे तो सांगितलाय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : मॅडम नमस्कार. आमच्या कॉलेजला सहा इंटरॅक्टिव्ह पॅनल (फळ्यासारखे मोठे टचस्क्रीन) आलेत, ७५ इंची. नॅकची (कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेची) टीम येणार म्हणून आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) सरांनी सांगितलंय की प्रत्येकाने पॅनलवरच शिकवायचं आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. मी १८ वर्षं खडू-फळ्यावर शिकवतोय, पोरं म्हणतात सर तुमचं समजतं. मी जुना झालो का? आणि पॅनलने खरंच शिकण्यात फरक पडतो का?
— फिजिक्सचे एक प्राध्यापक, जळगाव जिल्हा

उत्तर : सर, फोटोचं आधी संपवू. काढा, ग्रुपवर टाका, मोकळे व्हा. नॅकच्या अहवालात आयसीटीची (प्रोजेक्टर, कम्प्युटर, इंटरनेट वगैरेची) सोय असलेल्या वर्गखोल्या किती टक्के हे विचारत आलेत, तेव्हा आयक्यूएसीच्या सरांचाही नाइलाज आहे, त्यांच्यावर राग धरू नका. तो आकडा खोल्यांचा आहे एवढं आपल्या डोक्यात असलं म्हणजे झालं.

आता खरा प्रश्न. यात मी स्वतः एकदा तोंडावर आपटलेय. आमच्याकडे पहिला प्रोजेक्टर आला तेव्हा सगळ्यात उत्साही मीच होते. टीवायला क्वांटम फिजिक्समधलं पार्टिकल इन अ बॉक्सचं डेरिव्हेशन फळ्यावर करायला मला दीड लेक्चर लागायचं. मे महिन्याच्या सुट्टीत बसून ३४ स्लाइडची पीपीटी केली, बाण उडत येणारे, समीकरणं रंगीत, आणि तेच सगळं २५ मिनिटांत संपलं. मला वाटलं काय वेळ वाचला! पोरंही खूश कारण लिहायचं काही नाही, शेवटी फक्त ‘मॅडम, पेनड्राइव्हमध्ये द्या ना’. टर्मच्या टेस्टला त्याच डेरिव्हेशनमध्ये बाउंडरी कंडिशन कशासाठी लावली एवढंच विचारलं तर वर्ग गार. फळ्यावर काय होतं, आपला हात थांबतो, आपणच पुटपुटतो ‘इथे मायनस का आला बरं’, एखादी चूक होते, पहिल्या बाकावरून कुणीतरी ओरडतं ‘मॅडम, टू राहिला’, आणि हेच तर शिकवणं असतं, स्लाइडवर ते सगळं आधीच आवरून ठेवलेलं असतं त्यामुळे पोरांना फक्त आवरलेलं घर दिसतं. तेव्हापासून डेरिव्हेशन मी पुन्हा खडूने करायला लागले. पॅनलवर पेनने लिहिलंत तरी तेच, ते फळाच आहे की, उलट शेवटी सगळं पीडीएफ करून ग्रुपवर टाकता येतं आणि आजारी पडलेल्या पोराची सोय होते.

पॅनलचा खरा फायदा कुठे, तर जे फळ्यावर काढताच येत नाही तिथे. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन्स आहेत, २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केली, वीमन म्हणजे २००१ चे फिजिक्सचे नोबेलवाले, फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत आणि डाउनलोड करून ठेवली की नेट गेलं तरी चालतात. लाटांचं इंटरफेरन्स मी आयुष्यभर कंपासने वर्तुळं काढून शिकवलं, तिथे दोन बोटांनी स्लिटमधलं अंतर सरकवलं की पट्टे पसरताना, आकसताना दिसतात. पण ते अंतर सरकवायला पोराला उठवा, आणि सरकवायच्या आधी वर्गाला विचारा की पट्टे जवळ येतील का लांब जातील. सगळं तुम्हीच सरकवत बसलात तर तो एक व्हिडिओ झाला, आणि व्हिडिओ त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आहेत.

हार्वर्डला एरिक मझूर म्हणून फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, त्यांचं उदाहरण मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगायचे. त्यांच्या शिकवण्याला पोरं भरभरून मार्क द्यायची, पेपरातली अवघड गणितंही सोडवायची. मग १९९० च्या सुमाराला त्यांनी गणित नसलेली, नुसत्या न्यूटनच्या नियमांवरची साधी साधी प्रश्नावली वर्गाला दिली, तर एका विद्यार्थिनीने विचारलं की सर, तुम्ही शिकवलंत तसं लिहू का मला वाटतं तसं लिहू? म्हणजे शिकवलेलं एका कप्प्यात आणि मनातलं दुसऱ्या कप्प्यात, दोघांची गाठभेटच नाही. निकालही तसाच, मझूर यांना धक्काच बसला. तेव्हा त्यांनी लेक्चरच मोडलं, थोडं सांगायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर. याला पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात. पुढे त्यासाठी क्लिकर आले, प्रत्येकाच्या हातात रिमोटसारखं बटण आणि पडद्यावर लगेच आलेख. दिसायला भारी, पण २००८ मध्ये एकाने तुलना केली की क्लिकरऐवजी हातात नुसती कार्डं दिली तर किती फरक पडतो, तर शिकण्यात फरक निघाला नाही. क्लिकरचा फायदा शिक्षकाला, मोजणी झटकन होते.

मी हे वाचलं आणि सायन्स असोसिएशनच्या कपाटातली उरलेली कार्डशीट कापली, चार रंग, प्रत्येकाला चार तुकडे. एसवायचा वर्ग, ६२ पोरं. प्रश्न असा की ४० वॅटचा आणि १०० वॅटचा असे जुने पिवळे बल्ब सिरीजमध्ये जोडून २३० व्होल्टला लावले तर जास्त कुठला उजळेल? ४० ला लाल, १०० ला हिरवं, दोन्ही सारखे पिवळं, एकही लागणार नाही निळं. तीन म्हटल्यावर सगळ्यांनी कार्ड छातीशी धरायचं, वर नाही, वर धरलं की मागचे पुढच्यांची कॉपी करतात. वर्ग हिरवागार झाला. मी बरोबर-चूक काहीच बोलले नाही, म्हटलं तीन मिनिटं, वेगळा रंग असलेला माणूस शोधा आणि पटवा. मग जो गोंगाट झाला, शेजारच्या वर्गातले मराठीचे सर दारात येऊन बघून गेले. ‘अगं, सिरीजला करंट सेम असतो ना.’ ‘हो, मग?’ ‘मग पॉवर आय स्क्वेअर आर, आर म्हणजे रेझिस्टन्स कुणाचा जास्त?’ ‘शंभरवाल्याचा.’ ‘उलटं गं, व्ही स्क्वेअर अपॉन आर शंभर, म्हणजे आर कमी!’ पुन्हा कार्डं, या वेळी अर्ध्याहून जास्त लाल. मग टेबलाखालून लाकडी पाटी काढली, दोन बल्ब बसवलेले, स्विच दाबला, ४० वाला छान लागला आणि शंभरची तार नुसती लालसर. हिशेब केला तर ४० च्या बल्बला साधारण २० वॅट मिळतात आणि शंभरवाल्याला ८ (फिलामेंट थंड असलं की रेझिस्टन्स कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्षात शंभरवाल्याची अवस्था त्याहून वाईट). त्या बॅचमधली पोरं अजून भेटली की बल्बचीच आठवण काढतात, ३४ स्लाइडची कुणी काढत नाही.

आता सांगा, यात टेक्नॉलॉजी कुठली? कार्डशीट. तुमच्या पॅनलवर पोल घेता येत असेल तर पोल घ्या, पोरांच्या मोबाइलवर घ्या, वर्ग शंभराचा असेल तर मोजायला ते बरंच पडतं. पण तीन मिनिटांचा गोंगाट वगळलात तर पोल म्हणजे हजेरी. आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही, २०१४ मध्ये सायन्स, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या डिग्रीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून बघितले होते, नुसतं लेक्चर असलेल्या वर्गात नापास होणारे सरासरी ३४ टक्के आणि पोरांना कामाला लावणाऱ्या वर्गात २२ टक्के. तेव्हा जुने झालात का, याचं उत्तर ४८ मिनिटांतली किती मिनिटं तुमची पोरं डोकं चालवतात त्यावर आहे, खडूवर नाही. १८ वर्षं पोरं ‘समजतं’ म्हणतायत ते चांगलंच आहे, पण मझूर यांचीही म्हणायची हं.

प्रश्न : आमचे एक सर लेक्चरला लॅपटॉप तर सोडाच, मोबाइलही बाहेर काढू देत नाहीत. बोर्डचा फोटो काढला तरी ओरडतात. आम्ही इंजिनिअरिंगला आहोत, शाळेत नाही! नोट्स टाइप करणं फास्ट असतं, हे फेअर आहे का?
— एसईची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : फेअर आहे की नाही ते नंतर, आधी तुझ्या मागच्या बाकावरच्या पोराचं ऐक. कॅनडात २०१३ साली एक प्रयोग झाला, लेक्चर चालू असताना काही जणांना लॅपटॉपवर इकडचं तिकडचं करायला लावलं, त्यांना नंतरच्या टेस्टमध्ये ११ टक्के कमी मिळाले. ते अपेक्षितच होतं. पण ज्यांच्याकडे वही-पेनच होतं आणि फक्त समोर दुसऱ्याचा स्क्रीन दिसत होता, त्यांना १७ टक्के कमी. म्हणजे तू लॅपटॉपवर ऑनलाइन सेल बघत असशील तर तुझ्यापेक्षा नुकसान मागच्याचं.

अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या मिलिटरी अकादमीत तर अर्थशास्त्राचे वर्गच चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन प्रकारांत वाटले, काहींत लॅपटॉप-टॅबलेट चालेल, काहींत टॅबलेट चालेल पण डेस्कवर सपाट ठेवायचा म्हणजे सरांना दिसेल, आणि काहींत काहीच नाही. परीक्षेत पहिल्या दोन्ही प्रकारच्या वर्गांना कमी मार्क पडले. आणि ते कोण, तर मिलिटरीतले कॅडेट, ज्यांची शिस्त आपल्याकडच्या कुठल्याही वर्गापेक्षा चार पट जास्त.

टाइप करण्याबद्दल मात्र तुझी बाजू थोडी घेते. हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं असं २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासाने सांगितलं आणि ते जगभर गाजलं, आमच्या स्टाफरूममध्येही त्याचं कात्रण लावलं होतं. २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला, तर टाइप करणारे शब्दन् शब्द उतरवतात एवढं खरं निघालं, पण टेस्टच्या मार्कांत म्हणावा असा फरक दिसला नाही. तेव्हा पेन म्हणजे अमृत असं काही मी सांगणार नाही.

फोटोचं म्हणशील तर एक काम कर, आत्ता गॅलरी उघड आणि गेल्या सेमिस्टरचे बोर्डचे किती फोटो आहेत ते मोज, त्यातले किती परत उघडून बघितलेस तेही मोज. सरांशी भांडायचंच असेल तर असं भांड की सर, लेक्चरच्या शेवटची दोन मिनिटं फोटोला द्या, सर्किट डायग्राम आणि मोठे टेबल तेवढे काढू. बहुतेक सर याला हो म्हणतात, मी म्हणायचे.

प्रश्न : मॅडम, खरं सांगायचं तर आमच्या कॉलेजच्या लेक्चरपेक्षा एनपीटीईएल (आयआयटीवाल्यांची ऑनलाइन लेक्चरं) आणि यूट्यूबवर कितीतरी भारी शिकवतात. मी १.७५ स्पीडने बघतो, तासाचं लेक्चर ३५ मिनिटांत संपतं. मग ७५ टक्के हजेरीसाठी कॉलेजला का जायचं?
— टीवाय बीएस्सी, पुणे

उत्तर : जिथे तुझं बरोबर आहे तिथे बरोबरच म्हणते. २००३ पासून आयआयटी आणि बंगळूरुच्या आयआयएस्सीने एनपीटीईएलवर जे उभं केलंय ते आमच्या पिढीला मिळालं असतं तर आम्ही पाया पडलो असतो. २०२१ च्या यूजीसीच्या नियमाने तर स्वयम् या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरच्या कोर्सचे क्रेडिट एका सेमिस्टरला ४० टक्क्यांपर्यंत घेता येतात, कॉलेजने ते मान्य केलेलं असलं पाहिजे एवढंच, तेव्हा परीक्षा विभागात आधी विचार, नुसतं सर्टिफिकेट घेऊन शेवटी धावपळ करणारे मी खूप पाहिलेत. आणि एखाद्या वर्गात सर नुसत्या स्लाइड वाचत असतील तर तुझी चिडचिड मला कळते, त्याला काय उत्तर देणार, काहीच नाही.

पण तू ‘संपतं’ म्हणालास ना, तो शब्द मला खटकला. लेक्चर संपतं, कळतं का? हार्वर्डलाच २०१९ मध्ये एक गमतीदार गोष्ट निघाली. फिजिक्सच्या पोरांच्या एका गटाला गुळगुळीत, अस्खलित लेक्चर दिलं, दुसऱ्या गटाला तोच भाग गटात बसून स्वतः सोडवायला लावला. मग विचारलं किती शिकलात? लेक्चरवाले म्हणाले खूप शिकलो. टेस्ट घेतली तर जास्त शिकले होते सोडवणारे, आणि त्यांना स्वतःला मात्र आपण कमी शिकलो असंच वाटत होतं. छान बोलणाऱ्या माणसाचं ऐकताना आपल्याला सगळं कळल्यासारखं वाटतं, कीर्तनालाही तसंच होतं आणि यूट्यूबलाही, १.७५ स्पीडला तर बहुतेक जास्तच.

एक युक्ती सांगते. व्हिडिओत सर गणित फळ्यावर मांडतात तिथे पॉज, फोन उलटा ठेवायचा, वहीवर स्वतः सोडवायचं, अडलं तरी दहा मिनिटं फोन सरळ करायचा नाही, मग प्ले. ३५ मिनिटांचा दीड तास होईल. आणि एका दमात तास-तास बघत बसू नकोस, ईडीएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ६९ लाख वेळा बघितल्या गेलेल्या व्हिडिओंचा हिशेब २०१४ मध्ये केला होता, व्हिडिओ कितीही लांब असला तरी माणसं साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत असं दिसलं. कॉलेजला जायचं ते यासाठी की वहीवर जिथे अडलं ते घेऊन सरांच्या केबिनला जाता येतं. गेलायस का कधी? आमच्या केबिनबाहेर सबमिशनच्या आठवड्यात रांग असते, एरवी मांजरसुद्धा फिरकत नाही. आणि ७५ टक्क्यांचा नियम मी बदलू शकत नाही बाबा.

प्रश्न : मी मराठी माध्यमातून आलोय, एफवायला सगळं इंग्लिशमध्ये. सर फास्ट बोलतात, स्लाइडवरचं लिहून होईपर्यंत पुढची येते. टेक्नॉलॉजीचा आमच्यासारख्यांना काही उपयोग आहे का, का ती इंग्लिशवाल्यांसाठीच आहे?
— एफवाय बीएस्सी, नंदुरबार

उत्तर : अरे, मला विचारशील तर या सगळ्याचा सगळ्यात जास्त उपयोग तुलाच आहे. वर्गात ‘सर, परत सांगा’ म्हणायला जीभ उचलत नाही, मला माहितीये, मीही मराठी माध्यमाचीच, एफवायला ‘डिफरन्शिएट’ हा शब्द महिनाभर चुकीचा लिहीत होते. रेकॉर्डिंगला दहा वेळा परत सांग म्हटलं तरी ते चिडत नाही.

आता कामाचं. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरिअल बघ, सॉफ्टवेअर आणि प्रोग्रामिंग शिकायला, साधारण दहा दहा मिनिटांचे भाग असतात, स्क्रीनवरचं सगळं इंग्लिशच राहतं आणि आवाज मराठीत, म्हणजे समजतं मराठीत आणि डोळ्याला इंग्लिश शब्दांची सवय होते, ही कल्पना मला फार आवडते. शेजारी कम्प्युटर उघडून त्यांच्यासोबत स्वतः करत जायचं, नुसतं बघायचं नाही. एनपीटीईएलच्या बऱ्याच कोर्सची लिहून काढलेली लेक्चरं मिळतात, काहींची मराठीतही आहेत. वर फेट सांगितलंय, तेही मराठीत. यूट्यूबवर इंग्लिश लेक्चरला इंग्लिश सबटायटल लाव, कानाला न कळलेला शब्द डोळ्याला कळतो, आणि तो शब्द वहीच्या शेवटच्या पानावर मराठी अर्थासकट लिहीत जा. भाषांतर करणारी ॲप्स एका वाक्यापुरती ठीक आहेत पण टर्मच्या बाबतीत गोंधळ घालतात. मी एकदा ‘वर्क डन’चं ‘काम झाले’ असं भाषांतर आलेलं पाहिलंय, थर्मोडायनॅमिक्समध्ये! काम कसलं झालं, घोळ झाला.

आणि तुझ्या सरांना चिठ्ठीवर लिहून दे की सर, स्लाइड आदल्या दिवशी ग्रुपवर टाकाल का. आदल्या रात्री शब्द बघून गेलास की वर्गात निम्मी लढाई जिंकलीस. शिक्षकांना हे कुणी सांगतच नाही, त्यांना वाटतं सगळ्यांना कळतंय.

प्रश्न : माझ्या टीवायच्या ७० असाइनमेंट आल्या, त्यातल्या पन्नासेक चॅटजीपीटीच्या आहेत हे मला शपथेवर सांगता येईल, सगळ्यांची सुरुवात एकसारखी. डिटेक्टरमध्ये टाकल्या तर ज्या मुलीने खरंच स्वतः लिहिलंय तिचीच ८० टक्के एआय दाखवली. आता काय करू? असाइनमेंट बंदच करू का?
— इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापिका, ठाणे जिल्हा

उत्तर : डिटेक्टर आधी बंद करा. त्याच्या आकड्यावर एखाद्या पोरीला कॉपीबाज ठरवलंत आणि ती खरी असली तर ते आयुष्यभर सलेल, तुम्हालाही आणि तिलाही.

दुसरं म्हणजे हे दुखणं नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटीबरोबर जन्माला आलेलं नाही हो. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला जीटी मारणं काय असतं ते आठवतंय का, दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली ट्यूबलाइट, त्यावर टॉपरची ड्रॉइंगशीट आणि तिच्यावर आपली, रात्रभर ट्रेसिंग. बीएस्सीची जर्नलं तर तीन तीन बॅच जुन्या रीडिंगसकट उतरायची, मी एका वर्षी पाहिलं की १४ पोरांच्या जर्नलमध्ये ‘जी’ची (गुरुत्वीय त्वरणाची) किंमत दोन दशांश स्थळांपर्यंत तीच आणि खाडाखोडही त्याच ओळीत. सही करणारी मीच होते. म्हणजे घरी लिहून आणलेल्या कागदाला आम्ही मार्क देत होतो तेव्हाही तो कागद बऱ्याचदा पोराचा नव्हताच, फक्त हस्ताक्षर त्याचं होतं म्हणून आपल्याला बरं वाटायचं.

मी तेव्हा काय केलं ते सांगते. जर्नलचे मार्क कमी केले आणि प्रत्येकाला टेबलाशी बोलावून त्याच्याच पानावरचे दोन प्रश्न, हे रीडिंग का टाकून दिलंस, हा आलेख इथे का वाकला. एकाला तीन मिनिटं. ७० पोरं म्हणजे साडेतीन तास, दोन प्रॅक्टिकलमध्ये विभागले की बसतात. तुमच्या विषयात तर अजून सोपं, असाइनमेंट अशी द्या की जी तुमच्या गावावाचून लिहिताच येणार नाही. भाजी मार्केटमध्ये सलग आठ दिवस जाऊन कांद्याचा भाव लिहा, व्यापाऱ्याशी बोला, भाव का हलला ते डिमांड-सप्लायने सांगा. मग ते चॅटजीपीटीकडून भाषा सुधारून घेईनात का, आठ दिवसांचे भाव त्यांचे असतील आणि तोंडी विचारल्यावर लगेच कळेल की मार्केटला गेला होता की कल्याण लोकलमध्ये बसून आकडे पाडले. एकदा वर्गात उलटंही करा, चॅटजीपीटीचंच उत्तर पॅनलवर लावा आणि म्हणा यातल्या चुका काढा. पोरांना मास्तरांच्या चुका काढायला आवडतं, मशीनच्या काढायला त्याहून जास्त. बंद करू नका.

प्रश्न : मुलीने बीएला ॲडमिशन घेतलीय, म्हणते ६० हजारांचा लॅपटॉप लागेलच. खरंच लागतो का?
— पालक, डोंबिवली

उत्तर : पहिल्या वर्षी नाही. असाइनमेंट टाइप करायला कॉलेजची लॅब आणि मोबाइल पुरतो, स्टॅटिस्टिक्स किंवा जिऑग्राफीत जीआयएस (कम्प्युटरवर नकाशांचं काम) घेतलं तर दुसऱ्या वर्षी बघा, आणि तेव्हाही सेकंडहँड चालेल. तिला चिडायला माझं नाव सांगा.

प्रश्न : आमच्याकडे काही लेक्चर अजून ऑनलाइन होतात, तिथे कॅमेरा ऑन नसेल तर गैरहजेरी लावतात. माझ्या घरी एकच खोली आहे, मागे सगळे असतात, मला लाज वाटते. ही सक्ती बरोबर आहे का?
— एमए पहिलं वर्ष, कोल्हापूर

उत्तर : नाही. कॅमेऱ्यासमोर बसलेलं पोर ऐकतंच आहे असं थोडंच आहे, मी २०२० च्या लॉकडाउनमध्ये कॅमेरा चालू ठेवून पोहे खाणारे, डुलक्या घेणारे आणि एक तर चक्क आपला फोटो लावून ठेवलेला असे सगळे पाहिले. बॅकग्राउंड ब्लर करायची सोय असते, पण जुन्या फोनवर ती चालतेच असं नाही. तू विभागप्रमुखांना एक साधा अर्ज दे, कारण दोन ओळींत लिही, जास्त खुलासा करायची गरज नाही, आणि पर्याय तूच सुचव, की हजेरीसाठी मी प्रत्येक लेक्चरला चॅटवर एक प्रश्न किंवा एका प्रश्नाचं उत्तर टाकीन. हे शिक्षकांच्याही फायद्याचं आहे.

माझ्या एका बॅचला एक मुलगी होती, लॉकडाउनच्या आधी अख्खं वर्ष मागून दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला, तिचा आवाज मी हजेरीच्या ‘येस मॅम’पलीकडे ऐकला नव्हता. ऑनलाइन सुरू झालं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चॅटमध्ये तिचा प्रश्न आला, असा नेमका की मी शिकवायचं थांबवून त्यावरच वीस मिनिटं बोलले. मग रोज एक. कॉलेज परत उघडल्यावर मी मुद्दाम त्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप लेक्चर चालू असतानाही उघडा ठेवला, टेबलावर फोन, प्रश्न आला की वाचून दाखवायचा, कुणाचा ते सांगायचं नाही. पास होऊन जाईपर्यंत ती वर्गात एकदाही बोलली नाही, टाइप मात्र रोज करायची.